योसेलेच्या वाट्याचा ब्रेड

रमाबाईंनी आयुष्यात पुष्कळ खरेदी केली होती, पण एक डॉलर मोजून शिळा ब्रेड विकत घ्यायची वेळ आली ती अमेरिकेतल्या आयसेलिनमध्येच. विकणारी होती शेजारची हानाबाई. नव्वदी कधीच ओलांडलेली, कंबरेत वाकलेली, पण आवाज हेडमास्तरणीचा. तिच्या ज्यू लोकांचा पेसाहचा सण लागत होता. त्या आठ दिवसांत घरात ब्रेडचा कणही चालत नाही, म्हणून तो परधर्माच्या माणसाला रीतसर विकायचा आणि सण सरला की परत विकत घ्यायचा, अशी त्यांची रीत.

"आजपासून हा तुझा," पत्र्याचा डबा पुढे करत ती इंग्रजीत म्हणाली. "सण संपला की माझा."

रमाबाईंनी हसत हसत डबा घेतला. त्यांच्या घराण्याने सगळी कर्मकांडं दीक्षाभूमीवरच सोडली होती. विकायचं आणि परत घ्यायचं, हा सगळा प्रकार त्यांना भातुकलीसारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा धाकटा भाऊ लहू अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून आला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी. रात्रभरचा विमानप्रवास, पोटात कावळे ओरडत होते. घरात पोहे संपलेले, आणि लेक उपासना फार्मसीत कामाला गेलेली. रमाबाईंची नजर डब्यावर गेली. आत ब्रेडचा चांगला मोठा तुकडा होता, एका माणसाला पुरेलसा. लहानपणी घरात एकच भाकर असली तर त्यांनी आपली अर्धी लहूला दिलेली. अन्न वाळवून फेकायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. हानाबाईला नंतर ताजा ब्रेड देऊ, शिळ्याच्या बदल्यात ताजा मिळाला तर कोण रागावेल? त्यांनी कांदा चिरला, मोहरी तडतडवली, हळद-मिरची, वर शेंगदाणे. लहूने ताट पुसून खाल्लं.

संध्याकाळी उपासना घरी आली आणि ओट्यावरचा घासलेला डबा पाहून जागीच थबकली.

"आई, यातला ब्रेड कुठाय?"

"तुझ्या मामाच्या पोटात."

"काय केलंस हे! तो तिच्या भावाचा होता गं!"

हानाबाईची औषधं पोचवता पोचवता उपासनाने जे तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं, ते तिने उभ्या उभ्या सांगितलं. पोलंडमध्ये ज्यूंना एका वस्तीत कोंडलं होतं. दहा वर्षांची हाना भिंतीच्या भोकातून बाहेर जाऊन ब्रेड आणायची. एक दिवस ती परतली तर गल्ली रिकामी. आई नाही, सहा वर्षांचा योसेले नाही. त्याच्या वाट्याचा ब्रेड तिच्या हातातच राहिला. लढाई संपल्यावर ती बोटीने ज्यूंच्या होऊ घातलेल्या देशाकडे निघाली. तिथे तेव्हा राज्य करणाऱ्या इंग्रजांनी बोट अडवून सगळ्यांना सायप्रसला पुन्हा तारेच्या कुंपणात ठेवलं. शेवटी ती त्या देशातल्या हैफा बंदराला पोचली. आपला देश झाला म्हणून लोक रस्त्यावर नाचत होते, आणि ही प्रत्येक बोटीच्या वेळी ब्रेड घेऊन बंदरावर उभी. ख्रिस्ती मठांमध्ये लपवलेली मुलं सापडताहेत, असं कुणीतरी सांगितलं होतं. राहायला जे घर मिळालं, तिथे पलंगाखाली एका लहान मुलाचे बूट होते. घर सोडून पळालेल्या अरब कुटुंबातल्या पोराचे. त्या घरात तिला झोप लागेना. लग्न झालं तशी ती नवऱ्यामागे अमेरिकेत आली.

"तेव्हापासून दर शुक्रवारी ती एक तुकडा योसेलेसाठी काढून ठेवते, आई. आठवडाभर ठेवते."

"टेक्निकली तो ताईचाच होता ना, विकत घेतलेला," लहू पुटपुटला, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

आपण एका बहिणीच्या उशाखालचं काढून खाऊ घातलं, असं रमाबाईंना वाटलं, आणि त्यांना रडू फुटलं.

"सेम बेकरीतून सेम ब्रेड आणू," उपासना म्हणाली. "तिला कळणारही नाही."

रमाबाईंनी तो आणला, वाळवला, डब्यात घातला. जयंती झाली, लहू परत गेला. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

सण संपला आणि हानाबाई डॉलर घेऊन दारात हजर. डबा उघडून तिने आत पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि झाकण लावलं. तिला खरंच कळलं नव्हतं. ती वळली, तसं रमाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हा तो नाही."

मोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. हानाबाई भिंतीला धरून खुर्चीवर बसली. आता ही आपलं तोंडही पाहणार नाही, अशी रमाबाईंची खात्री झाली.

"कुणी खाल्ला?"

"माझ्या भावाने. धाकट्या."

"भूक लागली होती त्याला?"

"खूप."

"टाकला नाही ना त्याने?"

"नाही. ताट पुसून खाल्लं."

हानाबाईने डोळे मिटले. "दर आठवड्याला मी तो पाखरांना घालते," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत कुणाच्या भावाने तो खाल्ला नव्हता." आणि मग ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, मोठ्याने. रमाबाईंनी तिचे हात धरले आणि त्याही रडल्या.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला फोन लाव."

लहू कामावर निघाला होता. ताईचा नंबर पाहून घाबरूनच त्याने फोन उचलला. पलीकडून एका म्हातारीने, ना नमस्कार ना चमत्कार, एवढंच विचारलं, "पोट भरलं का तुझं?"

लहू म्हणाला, "येस, आंटी. भरलं."

त्याने फोन ठेवला तरी हानाबाईने तो कानापासून काढला नाही.