शिडीचे घट्टे

आमच्या घरात पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला उतरणी असते. ऐकायला समारंभ वाटतो, पण मला तो नेहमीच जिवंत माणसाची शोकसभा वाटत आला आहे.

आमचा धंदा पाट्या आणि भिंती रंगवण्याचा. दुकानांची नावं, गोदामांवरची अक्षरं, तीन-तीन मजले उंच जाहिराती, सगळं शिडीवर उभं राहून, हाताने. आजोबा शिडीवरच गेले. तेही पन्नाशी न गाठता. तेव्हा घरातल्या शहाण्यांनी निकाल दिला की दोष शिडीचा. पंचेचाळीस झाली की पुरुषाने खाली उतरायचं, कारखान्याच्या आतल्या भिंतीवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं, मोठा ब्रश पुढच्याच्या हाती द्यायचा आणि उरलेले दिवस खाली बसून रंग कालवायचे. आजोबांचा धाकटा भाऊ पहिला उतरला, तोही पन्नाशीआधीच गेला. बाबा उतरले आणि रंग कालवता कालवता स्टुलावरच गेले. दादा उतरला आणि अठ्ठेचाळिसावा वाढदिवस पाहायच्या आत गेला. तरी दोष शिडीचाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

मला मात्र कुणी उतरवलं नाही. बाईमाणसाची उतरणी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मी शिडीवरच पंचेचाळीस ओलांडली, शिडीवरच पन्नाशी गाठली, आणि मला खाली ओढणारा अजून जन्माला यायचाय.

आमच्या घराण्याची एक खूण आहे. टाचेच्या वर, मागच्या जाड शिरेवर एक टणक गाठ येते. आम्ही तिला शिडीचा घट्टा म्हणतो. शिडीच्या पायऱ्यांवर तासन्‌तास उभं राहून तो येतो, असं आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. माझ्या पायांना आले तेव्हा बाबांनी कामावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवले. "पोरगी पक्की पेंटर झाली," म्हणाले. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

पन्नाशीनंतर एकदा जिना चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, म्हणून मी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी छाती तपासली आणि मग चपला काढायला लावल्या.

"हे कधीपासून आहे?"

"ते शिडीचे घट्टे," मी ऐटीत म्हटलं.

"घट्टा कातडीवर पडतो, बाई. हे आत आहे, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरेत. हे कोलेस्टेरॉल साठलंय."

रक्ताच्या तपासणीत वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा असा आला की त्यांनीच कागद दोनदा वाचला. मग त्यांनी समजावलं. हे जन्मापासूनचं, आईबापांकडून आलेलं. माणूस जाड असो की बारीक, रक्तातलं हे कोलेस्टेरॉल लहानपणापासूनच जास्त असतं आणि रक्तवाहिन्यांत साठत जातं. खाणं सांभाळायचंच, चालायचंही, पण तेवढ्यावर भागणार नाही. गोळी रोज घ्यायची, आणि ती कायमची. "भावंडांना पाठवा. आजच सांगा," त्या म्हणाल्या.

मी रोज जेवण झालं की गोळी घेऊ लागले. काही महिन्यांत आकडा निम्म्याखाली आला. शेजारणी म्हणाल्या, सवय लागेल. म्हटलं, लागू दे. श्वास घ्यायचीसुद्धा सवय लागलीच आहे.

भावंडांत आता एकच उरला होता, धाकटा. त्याला सगळे काडी म्हणतात, कारण तो शिडीला टेकून उभा राहिला तर शिडी कुठली आणि तो कुठला हे शोधावं लागतं. दोन्ही पायांना घट्टे, बाबांपेक्षा मोठे.

"ताई, माझ्याकडे बघ," तो शर्ट वर करून म्हणाला. "कुठे आहे चरबी? तुला दिसली तर मलाही दाखव."

"रक्तात आहे. शर्ट वर करून दिसत नसते."

"डॉक्टरणीला शिडीचं काय कळतं? आणि तू एवढ्या गोळ्या गिळल्यास, घट्टे गेले का तुझे?"

"घट्टे नाही गेले. मीही नाही गेले."

तो हसला आणि रंगाचा डबा उचलून निघून गेला. पुढे दोन वर्षं हेच, पालथ्या घड्यावर पाणी. मी रागावले, अबोला धरला, एकदा तर कारखान्याला कुलूप लावून किल्ली घेऊन बसले. तो भिंतीवरून उडी मारून आत गेला. मला राग त्याच्या अज्ञानाचा नव्हता. त्याने मरण कबूल करून टाकलं होतं, आणि आम्ही सगळे ते घराण्याचा मान म्हणून मिरवत होतो, त्याचा राग होता. दादाला मी खांदा दिलाय. काडीला देणार नव्हते.

आणि त्याचा पंचेचाळिसावा उजाडला.

कारखान्यात सगळे जमले. भिंतीवर तीन अक्षरं होती: आजोबांच्या भावाचं, बाबांचं, दादाचं. आजोबांना उतरायला वेळच मिळाला नव्हता. काडीने चौथं अक्षर काढलं, गडद निळ्या एनॅमलमध्ये. रेघ नेहमीसारखीच सुंदर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावजय डोळे पुसत होती. मी कोपऱ्यात एका पालथ्या डब्यावर बसून दात आवळत होते.

काडीची मुलगी फोटो काढायला पुढे आली. ही माझी भाची बालवाडीत शिकवते. तिला उंचीची इतकी भीती की बल्ब बदलायलाही दुसऱ्याला हाक मारते. आयुष्यात शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला नाही. चारही अक्षरं एका फोटोत यावीत म्हणून तिने सँडल काढून ठेवल्या आणि बुटक्या बाकावर चढून मागच्या भिंतीला हात टेकला.

तिच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. दोन्हींवर गाठ होती. लहान, पण तीच.

"काडी, इकडे ये," मी म्हटलं. "तुझ्या पोरीचे घट्टे बघ."

तो हसत आला. वाकला. हात लावून पाहिला. मग त्याचं हसू गेलं.

"ही कधी शिडीवर चढली रे?" मी विचारलं.

तो गुडघ्यांवर बसूनच राहिला, एक हात पोरीच्या टाचेवर आणि दुसरा आपल्या.

"काय झालं, बाबा?" ती घाबरून म्हणाली. "दुखत नाही मला. सगळ्यांनाच असतं ना आपल्यात?"

"असतं," मी म्हटलं, "आणि म्हणून सगळे भिंतीवर आहेत. हिचं अक्षर कुठे काढायचं, तेही आजच ठरवून टाक. जागा आहे अजून."

बोलले ते फार कडू होतं, मला ठाऊक आहे. भावजयीने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मी टर्पेंटाइनच्या बाटलीत चिंधी बुडवली आणि भिंतीकडे निघाले. काडीने माझं मनगट धरलं.

"ताई, नको."

"सोड."

"तू नको. मी पुसतो."

त्याने चिंधी घेतली आणि आपलं ओलं अक्षर पुसलं. नीट पुसलं गेलं नाही. भिंतीवर निळा फराटा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी बापलेक उपाशीपोटी रक्त द्यायला गेले. दोघांचे आकडे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात काडीचे पाय दुखू लागले आणि त्याने मुकाट्याने गोळी सोडली. ते पोरीने पकडलं. "तुम्ही सोडली तर मीही सोडते," म्हणाली आणि आपली गोळी त्याच्या ताटाशेजारी ठेवून बसून राहिली. सकाळी तो स्वतः डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी पुन्हा रक्त तपासलं, गोळी बदलून दिली, आणि दुखलं तर सोडायची नाही, येऊन सांगायचं, असं बजावलं. पुढे आकडा नॉर्मल आल्यावर आमच्या काडीसाहेबांनी विचारलंच, "आता बंद करू का?" मी म्हटलं, आकडा गोळीने खाली धरलाय, तुझ्या देखण्या चेहऱ्याने नाही.

शिडीबद्दलही त्याने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला छातीला तारा लावून चालत्या पट्ट्यावर पळवून पाहिलं आणि म्हणाल्या, चढा खुशाल.

परवा एका गोदामाच्या भिंतीचं काम होतं. माणसाहून उंच अक्षरं. तो वर, मी खाली शिडी धरून. अर्ध्या ओळीत त्याचा ब्रश थांबला. बराच वेळ हलला नाही. माझा जीव टांगणीला लागला.

"काय रे?"

"ताई, दादा गेला तेव्हा किती वर्षांचा होता, आठवतं?"

"आठवतं."

"आज मी त्याच्याहून मोठा झालो."

मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मग मोठ्यासारखा वाग," मी म्हटलं. "ओळ वाकडी चाललीय तुझी."