कोण म्हणतंय?

चिंचवाडीत कुठलीही खबर द्या, पहिला सवाल एकच येतो. वीज संध्याकाळी येणार म्हणा, सोयाबीनचा भाव चढला म्हणा, नाहीतर कुणाची म्हैस व्याली म्हणा, ऐकणारा तंबाखू मळता मळता विचारतो, "कोण म्हणतंय?" खबर काय आहे याला गावात किंमत नाही, ती कुणाच्या तोंडची आहे याला आहे. काहींचं तोंड खरं, काहींचं खोटं, आणि काहींना तोंड असून नसल्यासारखं. हे गावाचं जुनं माप. सिद्धोधनला ते चांगलं ठाऊक होतं, आणि त्याच मापानं त्याचा घात केला.

सिद्धोधन म्हणजे भीमनगरातल्या सितारामचा थोरला. दिवसभर बोरीच्या ऑनलाइन सेवा केंद्रात बसून लोकांचे पीकविम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा, आणि गिऱ्हाईक नसलं की आपलं अ‍ॅप घेऊन बसायचा. अ‍ॅपचं नाव 'गाडी कुठं'. जिंतूरहून बोरीमार्गे चिंचवाडीला येणारी एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. रस्त्याचं काम निघाल्यापासून ती कधी येईल याचा नेम राहिला नव्हता. बाया लेकरं काखेत घेऊन थांब्यावर उन्हात ताटकळायच्या. मोठ्या शहरात गाडीला यंत्र बसवतात आणि ती फोनवर आपोआप दिसते म्हणे. इथं यंत्राला पैसे कुणाच्या बापानं ठेवलेत? सिद्धोधननं डोकं चालवलं. गाडीत बसलेल्या माणसानंच फोनवर 'मी गाडीत हाय' हे बटण दाबायचं. मग त्याचा फोन जिथं, तिथं गाडी.

बाकी सगळंही असंच जुगाडाचं. लॅपटॉप सेकंडहँड, पडद्याच्या मधोमध हिरवी उभी रेघ. सर्व्हर फुकटातला, घटकाभर कुणी विचारलं नाही की पेंगायला लागायचा. आणि अ‍ॅप तपासायला साक्षीचा फुटक्या काचेचा फोन. साक्षी त्याची धाकटी बहीण, जिंतूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज त्याच गाडीनं जाणारी-येणारी. दादाचं बटण न चुकता कोण दाबायचं, तर साक्षी. दुसरं कुणी दाबलं तर दाबलं.

तिला कॉलेजात घालताना सितारामनं एकच अट घातली होती. "शिक बाई, लय शिक. पण तुझ्या नावानं एक शबूद जरी गावातून माझ्या कानावर आला, त्या दिवशी दप्तर खुंटीला." सिताराम काही वाईट माणूस नव्हता. गावात आपल्या माणसांचं नाव कुणी उचललं की खाली ठेवायला कुणी येत नाही, हे त्यानं पाहिलेलं होतं. साक्षीनं मान हलवली होती आणि त्या दिवसापासून ती खाली बघून चालायला शिकली होती.

अ‍ॅप चालू लागलं आणि फुकटच्या सर्व्हरनं जीव टाकला. तेव्हा धावून आला हरिओम. एसटी थांब्यासमोर त्याचं कृषी सेवा केंद्र. बापाची जमीन नदीकाठची, काळी. पोरगं बोलायला गोड. सर्व्हरचं वर्षाचं भाडं त्यानं भरून टाकलं. बदल्यात अ‍ॅपच्या माथ्यावर त्याच्या दुकानाची जाहिरात. "सिद्धू, तू गावासाठी करायलास, मग आमी एवढं बी करू नये का?" असं म्हणून त्यानं सिद्धोधनच्या खांद्यावर हात टाकला. गावच्या त्या बाजूचा हात खांद्यावर पडायची सवय नव्हती पोराला. तो पार विरघळला.

मग एका टवाळ पोरानं घरात खाटेवर लोळत 'मी गाडीत हाय' दाबलं आणि अर्धं गाव थांब्याकडं पळालं. गाडीचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी रिटायर झालेले तात्याराव गुरुजी चारचौघांत म्हणाले, "सिद्धोधन, तुझं अ‍ॅप म्हणतंय गाडी आली. ते ठीक हाय. पण म्हणतंय कोण?" सगळे खो खो हसले. सिद्धोधनला ते हसू लय लागलं.

तोड हरिओमनंच सुचवली. "नाव दिसू दे की. कोण गाडीत हाय ते वाचलं की माणसं गपगुमान भरोसा ठेवतील."

एवढी सोपी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, म्हणून सिद्धोधननं कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी जेवताना त्यानं घरात सांगितलं, अ‍ॅपमध्ये सुधारणा करायलोय म्हणून.

"दादा, नाव कशाला?" साक्षी म्हणाली. "बटण तर रोज मीच दाबते."

"मग? नावावरच भरोसा बसतो, वेडे. गावात नाव होईल तुझं."

साक्षी भाकरी मोडत राहिली. विषय तिथंच संपला असं समजून सिद्धोधन हात धुवायला उठला. मोठ्या भावांना असं समजायची घाई असते.

आणि खरंच, अ‍ॅपला बरकत आली. 'साक्षी : गाडी बोरीत' असं दिसलं की माणसं चूल विझवायची, 'साक्षी : गाडी नाल्याच्या पुलावर' दिसलं की चपला घालायची. तात्यारावसुद्धा म्हणायला लागले, "साक्षी म्हणती म्हंजे आली." सिद्धोधनची छाती फुगली. त्यानं अ‍ॅपमध्ये सूचना पाठवायची सोयही करून टाकली. नाव लिहायचं तर लिहा, नाहीतर नका लिहू. बऱ्याच सूचना आल्या. कुणाला अक्षर मोठं पाहिजे होतं, कुणाला परभणीची गाडी पाहिजे होती. एक सूचना मात्र निनावी यायची आणि पुन्हा पुन्हा यायची. 'नाव दाखवू नका.' मग काही दिवसांनी, 'कृपया नाव काढा.'

ती त्यानं जेवताना घरात वाचून दाखवली. "आता हे कोण म्हणतंय? स्वतःचं नाव लिहायची हिंमत न्हाई आन् दुसऱ्याला सांगतंय नाव काढ. असल्या बिननावाच्या माणसाचं काय ऐकायचं?" आई, सुलाबाई, हसली. साक्षी पाणी आणायला उठली.

थंडीचे दिवस आले. तुरी डोक्याएवढ्या झाल्या आणि दिवस लवकर बुडायला लागला. एका संध्याकाळी बोरीच्या केंद्रातलं इंटरनेट गेलं म्हणून सिद्धोधन लवकर गावात आला आणि थांब्यावर तात्यारावांजवळ टेकला. आपलं अ‍ॅप चालताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, अशी हौस होती त्याला. समोर दुकानाच्या दारात हरिओम इस्त्रीचा शर्ट घालून मोटरसायकलवर तिरपा बसला होता. तोही फोनमध्येच बघत होता. बघा, आपलं अ‍ॅप बघायलाय, म्हणून सिद्धोधनला बरं वाटलं.

'साक्षी : गाडी नाल्याच्या पुलावर.'

"आली," तात्याराव उठून उभे राहिले.

धुरळा उडवत गाडी आली. दोन-चार माणसं उतरली, एक पोतं उतरलं. सगळ्यांत शेवटी पंचफुला उतरली. ही भीमनगरातलीच म्हातारी, जिंतूरला एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जायची. तिच्या मागं कुणी नव्हतं. कंडक्टरनं दार ओढलं.

सिद्धोधननं फोन बघितला. 'साक्षी : गाडी चिंचवाडी थांब्यावर.' त्यानं गाडीच्या खिडक्या बघितल्या. आत एकही उतारू उरला नव्हता. मग त्याचं लक्ष पंचफुलाच्या हाताकडं गेलं. तिच्या मुठीत फुटक्या काचेचा फोन होता, आणि तो साक्षीचा होता.

बहिणीचा फोन आलाय, बहीण आलेली नाही. काय काय वाईट असतं ते सगळं एका दमात त्याच्या मनात येऊन गेलं. मदतीला कुणाला हाक मारावी म्हणून त्यानं समोर बघितलं, तर हरिओम मोटरसायकलवरून उतरून उभा होता. त्याची नजर फोनवरून गाडीच्या दारावर आणि दारावरून फोनवर जात होती. सिद्धोधन जे शोधत होता, तेच तो शोधत होता. भावाचं शोधणं समजतं. ह्याचं काय हरवलं होतं?

"फुलामाय, साक्षी कुठं हाय?"

म्हातारीनं फोन पदराआड दडवला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला कडुलिंबाच्या मागं नेलं. "आरडू नको. पुलावर उतरली. रोजच उतरती. तुरीतून चालत येती, आपल्या बुद्ध इहाराच्या मागून."

"अंधाराचं? तुरीतून? कवापास्नं?"

"चार दिस झालं. फोन माझ्यापाशी देती, म्हंजे तुझं ते चालू ऱ्हातंय. दादाचं बंद पडाया नको, म्हनती. मला शपत घातली पोरीनं." पंचफुलानं हनुवटीनं रस्त्यापलीकडं दाखवलं. "दिवाळीच्या आधीपास्नं त्याला रोज कळतंय ती कवा येती. उतरली की मोटरसायकल घालायचा पाठीमागं, पार आपल्या भीमनगरच्या कमानीपतोर. एक दिवस तर आडवीच लावली. म्हनला, काल का न्हाई आलीस? अ‍ॅपवर दिसली न्हाईस."

सिद्धोधननं ते शब्द मनात पुन्हा म्हणून बघितले. अ‍ॅपवर दिसली न्हाईस. त्याची स्वतःची अक्षरं, स्वतःचं बटण, हौसेनं निवडलेला निळा रंग, आणि त्यातून त्यानं आपल्या बहिणीला रोज दोन वेळा त्या माणसाच्या हातात नेऊन दिलं होतं. हे त्याला कळत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

तो रस्ता ओलांडून गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. "नाव टाक म्हून तू म्हनला होतास," एवढंच निघालं तोंडातून.

"म्हनलो होतो," हरिओम म्हणाला. आवाज नेहमीसारखाच गोड. "टाकलं तू."

"माझ्या बहिणीच्या मागं..."

"सिद्धू, मी कवा कुणाला इचारलं का, ती कुठं हाय म्हून? तूच सांगायलास रोज. आख्ख्या गावाला सांगायलास. मी ऐकलं, एवढंच." त्यानं तात्यारावांकडं आणि थांब्यावरच्या माणसांकडं बघितलं. "अजून मोठ्यानं बोल की. उद्या घरोघरी साक्षीचंच नाव निघंल. चालंल का सितारामकाकाला?"

सिद्धोधनची मूठ वळली आणि तशीच राहिली. बोललो तर दप्तर खुंटीला, न बोललो तर पोरगी तुरीत. हरिओमला हे त्याच्याआधी माहीत होतं. तात्यारावांनी तिकडून विचारलं, "काय झालं रे?" तो वळला आणि बुद्धविहाराच्या मागच्या वाटेनं चालायला लागला.

तुरीच्या कडेला साक्षी भेटली. दप्तर पोटाशी धरलेलं, चपला हातात, म्हणजे वाजू नयेत. समोर माणूस बघून ती जागीच थिजली. दादा आहे हे ओळखल्यावरही तिचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. ते बघून सिद्धोधनला रडू फुटलं.

"बाबाला सांगू नको," ती म्हणाली. "कॉलेज बंद करतील."

घरी सिताराम अंगणात बैलाची दावण नीट करत होता. वाटभर सिद्धोधननं विचार केला होता. उद्या ही गोष्ट गावातून येणार, मीठमिरची लावून येणार, आणि आली की बहिणीचं शिक्षण संपणार. ती गावाच्या तोंडून यायच्या आधी घरातल्या तोंडून यायला पाहिजे होती.

"बाबा, थांब्यावरचा हरिओम साक्षीच्या मागं लागलाय. दिवाळीच्या आधीपास्नं."

सितारामचे हात थांबले. सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. आन् त्याला वाट मी दाखवली. माझ्या अ‍ॅपनं." मग त्यानं सगळं सांगितलं, काही न गाळता. सुलाबाई चुलीपुढून उठून दारात आली आणि तिथंच खाली बसली. "माझ्या लेकीनं काट्याकुट्यातून..." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

सितारामनं दावणीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. साक्षी दारातून दिसणाऱ्या खुंटीकडं बघत होती.

"मी म्हनलो होतो, तुझ्या नावानं कानावर आलं तर," तो शेवटी लेकीला म्हणाला. "हे तुझ्या नावानं न्हाई आलं. त्याच्या नावानं आलं. उद्या आपण तिघं गाडीनं जिंतूरला जाऊ. आधी ठाण्यात, तिथं नावासकट लिहून देऊ. मग तू कॉलेजात जा." उठताना त्याचे गुडघे वाजले. पोराकडं त्यानं मुद्दाम बघितलं नाही. "आन् त्या कंपूटरचं काय करायचं ते तिला इचार. मला न्हाई, तिला."

सिद्धोधननं लॅपटॉप उघडला. हरिओमची जाहिरात आधी काढून टाकली. मग बोट बटणावर ठेवून तो म्हणाला, "बंद करून टाकतो सगळंच."

"बंद कशाला?" साक्षी म्हणाली. "लेकरावाल्या बाया परत उन्हात बसतील. नुसतं नाव काढ. किती येळा लिहिलं तुला."

त्याचं बोट तसंच राहिलं. "कवा लिहिलं?"

"नाव दाखवू नका. कृपया नाव काढा. तू वाचून दाखवलंस की जेवताना. कोण म्हणतंय, म्हनलास."

पडद्यावरच्या हिरव्या रेघेच्या पलीकडं त्या सूचना अजून तशाच होत्या. सिद्धोधनला मान वर करवेना. "मग तोंडानं सांगायचं होतंस साक्षी. तुझं नाव लावून सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं का?"

"नाव लावूनच सांगितलं होतं, दादा," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. इथंच बसून."