आईला फसवायचं कसं

पट्टीची डावी कड सुटली आहे. लेकीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी, चड्डीच्या नाडीच्या जरा वर, बाटलीच्या झाकणाएवढी गोल पट्टी, तिच्यावर छापलेला कोआला, आणि त्या कोआलाचा एक कान उचलला गेलाय... ब्रायनी त्या कानाकडे बघत न्हाणीघराच्या फरशीवर उकिडवी बसलेली, बोटाच्या टोकाला खाज सुटल्यासारखी – ओढावा की दाबून बसवावा – आणि नेमका तेव्हाच ग्लेनिसचा तो जाडाभरडा आवाज आठवला. "डॉक्टरांच्या त्या टेबलाशी बसू नकोस, पोरी. आई म्हणून बसशील, पण उठताना आई म्हणूनच उठशील याची खात्री नाही."

ब्रायनी तेव्हा हसली होती. इस्पितळाच्या आवारात, ग्लेनिसच्या धुळकट गाडीला टेकून, हातातली कॉफी हिंदकळेपर्यंत हसली होती. "तुझं आपलं काहीतरीच!" ग्लेनिस पालकांच्या गटातली सगळ्यांत जुनी, तिचा मुलगा ओवेन आदल्या हिवाळ्यात झोपेतच गेलेला, ह्याच आजारानं. असल्या बायकांचं बोलणं थोडं... थोडं काय? पुढचा शब्द तेव्हाही सापडला नव्हता, आणि तो शोधत बसण्याची गरजही वाटली नव्हती.

"गाल," ग्रेटा म्हणते. म्हणजे गार. पाणी गार आहे, अशी तिची तक्रार. ते गारच असतं, जेमतेम कोमट, कारण गरम पाणी म्हणजे झटका, फिट. ताप म्हणजे झटका, उत्तरेकडून गरम वारा सुटलेला, इथल्या भर उन्हाळ्यातला फेब्रुवारीचा दिवस म्हणजे झटका, मागच्या जाळीच्या दारातून चौकटीचौकटींनी आत येणारं ऊन म्हणजेसुद्धा. त्या दाराला म्हणून जुनी चादर ठोकली आहे. ग्रेटा साडेचार वर्षांची. तिच्या एका जनुकात एक अक्षर चुकलेलं – आईकडून आलेलं नाही, बापाकडून नाही, असंच. ह्या 'असंच'वर ब्रायनीनं कॉलेजात शिकलेलं सगळं जीवशास्त्र खर्ची घातलं, आणि तरी ते असंचच राहिलं.

कान तिनं दाबून बसवला. ओढला नाही. ओढून तरी काय दिसणार होतं? सुईचं एक छिद्र. ते तर दोन्हीकडे सारखंच.

दोन्हीकडे. – इस्पितळातल्या चाचणीत नवं औषध पाठीच्या कण्यातून द्यायचं. निम्म्या मुलांना खरं औषध. निम्म्यांना नुसतं वरवर टोचायचं आणि पट्टी लावायची. कुणाला काय मिळालं ते आईबापांना कळता कामा नये, कारण आशेनं बघणाऱ्या माणसाला सगळंच बरं दिसतं. हे ऐकल्यावर, चाचणी कशी घ्यायची ते ठरवायला टेबलाभोवती बसलेले आईबाप खवळले होते. रिकामी सुई? आमच्या पोरांना? तेव्हा उठून बोलली ती ब्रायनीच. असं केलं नाही तर औषध खरं की आपली आशा खरी हे कधीच कळणार नाही, आपल्यानंतर येणाऱ्या मुलांनाही नाही. शांतपणे बोलली, पटवून दिलं. एका बापानं तर मागाहून तिचा हात हातात घेतला. डॉक्टर थिया समोर बसलेली, चष्मा कपाळावर चढवलेला. ती सगळे शांत होईपर्यंत थांबली, मग म्हणाली, "आता एक अवघड प्रश्न. आम्ही कितीही लपवलं तरी तुम्ही ओळखाल. ब्रायनी, आईला कशावरून कळेल? तेवढं आम्हांला शिकव."

आणि तिनं शिकवलं. किती उत्साहानं शिकवलं! मानेवरचे ओले केस. औषधाच्या फडक्याचा वास – तो दोन्हीकडच्या मुलांना सारखाच यायला हवा. पट्टी एकच, चुरगळलीही सारखीच पाहिजे. उताणं झोपवून ठेवायचं ते सगळ्यांनाच. मोजे उलटे घातले तर आईला कळतं की पोराला पार उघडं केलं होतं, तेव्हा मोजे सगळ्यांचेच उलटे घाला. परिचारिकेला मुलाकडे बघू द्या, आईकडे नको. माहीत असलेलं माणूस डोळ्यांत डोळे घालून बघत नाही, किंवा फारच बघतं. "आणि थिया, तुझा आवाज. चांगली बातमी असली की तो शेवटाला वर चढतो." सगळे हसले होते. थियाही. कुठलीतरी एक आई समोर उभी करून, तिच्या नजरेची एकेक वाट ब्रायनी बुजवत गेली – ती आई कोण, कुठली, असा विचारसुद्धा मनात आला नाही. ती आई जराशी बावळट असणार, असं मात्र कुठंतरी वाटत होतं...

इस्पितळातून ग्रेटाला बाहेर आणलं तेव्हा तिचे मोजे उलटे होते.

बाहेर टँकरचा ब्रेक फुसफुसला. तिचा नवरा अँगस पहाटेचा दुधाचा फेरा संपवून आला, बुटांसकट स्वयंपाकघरात, आणि तिथूनच ओरडला, "ब्री! अगं ऐकलंस का? पहाटे मी निघताना ही खिडकीत उभी. आणि म्हणाली, 'रस्टी, ये!' दोन शब्द! एकापाठोपाठ!"

"आणि रस्टी आला?"

"तो कसला येतोय. तो कुत्रा माझं तरी कधी ऐकतो का?" तो दारात आला; हसताना त्याच्या डोळ्यांभोवती धुळीच्या रेघा उमटलेल्या. "ते औषधच आहे. पैजेवर सांगतो."

"असं म्हणायचं नाही, अँगस."

"का? कोण ऐकतंय? डॉक्टर न्हाणीत लपलेत?"

"म्हणायचं नाही, ठरलंय. आपण अंदाज बांधला की तिच्याशी वागणं बदलतं आपलं."

त्यानं ग्रेटाला टॉवेलात गुंडाळून उचललं, तिच्या पोटावर गाल घासला. "बघ गं तुझी आई. आनंदाचीसुद्धा चाचणी घेते." चिडून नव्हे, लाडानंच म्हणाला. पण जाताना एकदा वळून बघितलं, आणि त्या बघण्यात एक लहानसं काहीतरी होतं, नखाएवढं... मला बघून घाबरलेला माणूस असा बघतो का? नाही. थकलाय तो. दिवस उगवायच्या आधी उठतो.

दोन शब्द. तिनं ते ऐकलेच नाहीत, तेव्हा ती बर्फाचं जाकीट शीतपेटीतून काढत होती. ऐकले असते तर काय ऐकलं असतं? 'रस्टी, ये' – की त्या दोन शब्दांमधली फट? मागच्या महिन्यापेक्षा ती लहान आहे का? जीभ जड होती का? झटक्याच्या आधी ग्रेटा कधीकधी अशीच मोकळी होते, दोनतीन दिवस लखलखीत, मग... म्हणजे ते औषधही असेल किंवा ती लखलखही असेल. आनंद व्हायला हवा होता. आनंद आला, दाराशी थांबला, आणि तिनं त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं.

थियाचा फोन दुपारी, जेवणं झाल्यावर. नेहमीचे प्रश्न. ताप? नाही. पाय लटपटतात? नाही. काही वेगळं?

"'रस्टी, ये' म्हणाली."

पलीकडे थियानं ते लिहून घेतलं. मग, "बरं. ऐकून छान वाटलं." सपाट. इस्त्री केल्यासारखा आवाज, शेवटाला एक केसभरही न चढणारा. कुणा अनोळखी माणसाच्या आवाजासारखा... नाही, कशासारखाच नाही. हा आवाज ब्रायनीनंच घडवलेला. पूर्वी ग्रेटा अतिदक्षता विभागात असताना मध्येच थियाचा आवाज तसा चढायचा, आणि त्या चढावर पाय ठेवून ब्रायनी पुढचा दिवस काढायची. तोही तिनं स्वतःच्या हातानं बुजवला.

"थिया, तुला माहीत आहे का गं? कुठल्या बाजूला आहे ती?"

"नाही. मलाही कळू नये, हे कुणी सुचवलं?"

"मीच."

"तूच." मग जरा खालच्या आवाजात, "ब्री, एक सांगू? मी हल्ली घरीही असंच बोलते. माझा मुलगा परवा म्हणाला, आई, तुला माझा निकाल आवडला की नाही, कळतच नाही."

दोघी हसल्या. एकमेकींना धरून हसावं तसं. फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

अँगस बैठकीत आडवा झालाय, तोंडावर टोपी. रस्टी पायरीखालच्या सावलीत. बाहेर डोंगर गवताच्या रंगाचे, आणि गवत कशाच्याच रंगाचं नाही. ग्रेटा तिच्या खोलीत झोपली आहे. दार लोटलेलं, पूर्ण बंद नाही. तिच्या गादीखालचं यंत्र गप्प आहे. श्वास अडकला तर ते ओरडतं, म्हणजे गप्प आहे तोवर ठीक. ओवेनच्या गादीखालचंही गप्पच होतं.

एरवी ह्या वेळेपर्यंत ती उठते. भिंतीवर टाच आपटते, ही तिची हाक. आज अजून टाच वाजलेली नाही.

ब्रायनी दाराशी उभी आहे. हात दाराच्या मुठीवर. ढकलायचं फक्त. आणि तिला आत्ताच दिसतंय की आत गेल्यावर ती काय बघेल: ओठांचा रंग, अंगठा मुठीत की बाहेर, पापणीखाली डोळा कसा फिरतोय, ही झोप पूर्वीपेक्षा गाढ आहे का, गाढ असेल तर औषधानं की उगाच, उशीवरची लाळ, पट्टीचा कान... सगळं बघेल. एवढं सगळं की त्यात मूल कुठंतरी राहून जाईल. काल तसंच झालं होतं. काल ती कितीतरी वेळ खाटेशी उभी होती, आणि बाहेर आल्यावर ग्रेटाच्या अंगात कुठला झगा होता ते तिला आठवलं नाही.

ग्लेनिस त्या दिवशी गाडीत बसताना आणखी एक म्हणाली होती. काच खाली करून, किल्ली फिरवता फिरवता. "मी अजून रोज त्याच्या खोलीचं दार उघडून बघते. रिकामी खाट असते गं. पण बघते ते आईसारखं." ह्या वाक्यावर ब्रायनी हसली नव्हती. तिनं ते ऐकलंच नव्हतं. आत्ता, मुठीवर हात ठेवून उभी असताना, ते पहिल्यांदा ऐकू येतंय.

अँगसला उठवावं? तो बघेल, आणि बाहेर येऊन म्हणेल, मस्त झोपलीय, औषधच ते. त्याचं बघणं म्हणजे आशा. माझं बघणं म्हणजे... ग्लेनिसला पुढचा शब्द ठाऊक असेल. थियाचं बघणं तर मीच पुसून टाकलं. ह्या घरात, ह्या सबंध कामात, नुसतं बघणारं एकही माणूस मी शिल्लक ठेवलेलं नाही.

टाच अजून वाजली नाही.

तुम्ही इथवर आला आहात. तुम्हांला हे सगळं सांगायला नको होतं, आता तुम्हीही थोडे माझ्यासारखेच बघाल. तरीपण. हे दार जड नाही, खालून जरा घासतं एवढंच. पट्टीकडे बघू नका. कुठल्या बाजूची आहे ते शोधू नका. मला येऊन काही समजावून सांगू नका, आवाज वर चढला तर चढू दे. फक्त एकदा आत डोकावा – खिडकीखालच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून – आणि ती आहे का, तेवढं बघून या.