आबांनी दिलेला हत्ती

माझा भाऊ अभिमन याला खरं बोलायची फार हौस. ते कुणापुढं बोलावं याचा विचार तो नंतर करतो, म्हणजे करतच नाही. ब्याण्णव साली त्यानं जळगावात कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि आमच्या वडिलांना, आबांना, धुळ्याहून मुद्दाम तिकडं नेलं. कॉम्प्युटरला बुद्धिबळ येतं म्हणे.

आमच्या आबांचं त्या वर्षी नावांशी जमेनासं झालं होतं. शेजाऱ्यांची, नातवंडांची नावं निसटायची. दोनदा तर आईलाच ‘अक्का’ म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईनं ओ दिली आणि मग बराच वेळ ओट्याकडं तोंड करून उभी राहिली.

पण एक डाव त्यांना एकूण एक मोहऱ्यासकट आठवायचा. लग्नानंतर वर्षभर ते आईकडून हरत होते. चोपड्याला माहेरी भावांशी खेळून ती तयार झालेली. मग एका दुपारी आबांनी आपला हत्ती तिच्या राजापुढं नेऊन दिला आणि डाव जिंकला. “बठ्ठं इसरी जासू, पन तो हत्ती नही,” म्हणायचे.

जळगावात आबांनी तो डाव सांगितला, अभिमननं मशीनमध्ये मांडला. मशीन म्हणालं, हत्ती द्यायची गरजच नव्हती. वजीर गुपचूप एक घर पुढं सरकवला असता, तरी पुढच्या चालीला मात होती.

“आबा, जिंकलात खरं, पण हत्ती फुकट घालवलात,” आमचे बंधुराज हसत म्हणाले.

आबांनी घरी येऊन पट कपाटावर टाकला. आईला काही सांगितलं नाही. माझं सासर धुळ्यातच, मी भेटायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, “आता जे आठवस, ते बी खोटं शे का?” माझा जीव इतका तुटला की अभिमनचे कान उपटावेसे वाटले.

रविवारी तो धुळ्याला घरी आल्याबरोबर मी त्याला झापायला सुरुवात केली. आई आत भरताची वांगी सोलत होती. तिनं ऐकलं, हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणाली, “पट काढ.”

तिनं डाव मांडला. तिलाही सगळा आठवत होता!

“सरकाव वजीर,” ती अभिमनला म्हणाली. त्यानं सरकवला. आईनं आपला राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून पार दुसरीकडं ठेवला.

“आई, राजा असा जात नाही!”

“तुना मशीनमा जात नही व्हई. चोपडाले जास.”

जुन्या गावठी खेळात राजाला एकदाच अशी उडी असते. त्याआधी शह बसला की ती गेली. आबांनी हत्ती दिला होता तो शह देऊन तेवढी उडी काढून घ्यायला. पुढं मास्तर म्हणून ते शाळेतल्या मुलांना नव्या नियमांनी खेळ शिकवत राहिले आणि उडी विसरले, हत्ती तेवढा लक्षात राहिला.

“उडी मारानं मी मनमाच ठेवेल व्हतं,” आई आबांकडं हात करून म्हणाली. “कोनले सांगेल नव्हतं. तरी यासले कळनं. मना मनमा काय शे, ते पहिल्यांदा कोनले तरी कळनं.”

“पण मशीनला हा नियमच माहीत नाही,” अभिमन पुटपुटला.

“मंग तिले कसाले इचारं?”

 आईनं राजा आणि वजीर पुन्हा जागेवर ठेवले आणि आबांच्या तोंडाकडं बघत बसली. आबा पटाकडं बघत राहिले. मग त्यांनी हत्ती उचलला आणि तिच्या राजाला नेऊन भिडवला.

“शह,” ते म्हणाले. मग वर आईकडं बघून, “शह, मंजुळा.”

आईनं आपल्या राजानं हत्ती मारला. डोळ्यांत पाणी आलं की ती नेहमी वांग्यांच्या धुराला बोल लावते. त्या दिवशी नाही लावला.