सुधारलेली रायफल

श्रीराम दामल्यांना जगातली कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. टेक्सासातल्या फ्रिस्कोत घर घेतलं त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या. बिल्डरने बसवलेल्या बिजागऱ्यांत काही खोट नव्हती. फक्त त्या श्रीरामरावांनी बसवलेल्या नव्हत्या. सुनेत्राताई म्हणायच्या, "ह्यांना देव भेटला ना, तर वर मागायच्या आधी हे त्याच्या मुकुटाचे स्क्रू आवळतील."

वस्तूंचं एक वेळ ठीक आहे, वस्तू उलटून बोलत नाहीत. पण घरात एक मुलगाही होता. अंकुर लहान असताना स्काउट्सच्या लाकडी गाड्यांची शर्यत होती. पोराने आपल्या हाताने एक वाकडीतिकडी गाडी तासली, तिला निळा रंग फासला आणि उशाशी घेऊन झोपला. श्रीरामरावांनी ती हळूच उचलून नेली आणि 'जराशी' नीट केली. गाडी पहिली आली. अंकुर बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलाच नाही. पोरगं लाजलं, असं श्रीरामरावांना वाटलं, आणि अजूनही तसंच वाटतं.

पुढे हे पोरगं शेजारच्या वेंडेलच्या गॅरेजमध्ये रमायला लागलं. वेंडेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला टेक्सन म्हातारा. हरणांच्या शिकारीचा त्याला नाद, आणि काडतुसं घरीच भरायचा. एकदा उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी धुऊनपुसून घ्यायची, तिच्या बुडाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडात नवी गोळी दाबायची, असं ते काम. अंकुर शाळेतून आला की उपड्या बादलीवर बसून हेच करायचा. चुकला तर वेंडेल म्हणे, "काढ, परत कर," आणि आपल्या कामाला लागे. एवढंच. श्रीरामराव स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका दिव्याखाली वाकलेली ती दोन डोकी बघायचे आणि हातातलं काम विसरायचे. त्याला सरळ भाषेत मत्सर म्हणतात. श्रीरामराव त्याला 'सेफ्टीची काळजी' म्हणत.

अंकुर इंजिनिअर झाला तेव्हा वेंडेलने आपली जुनी रायफल त्याला देऊन टाकली. अंकुरला नोकरी लागली नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला. तिथल्या अपार्टमेंटमधल्या रूममेटला बंदुकीचं वावडं, म्हणून रायफल आणि काडतुसांचा एक खाकी खोका फ्रिस्कोच्या गॅरेजमध्ये, लोखंडी कपाटात राहिला. दर नोव्हेंबरला अंकुर यायचा, वेंडेलबरोबर जायचा, परत जायचा. आईवडिलांच्या वाट्याला मधली दोन जेवणं. दोन हजार सहाच्या वसंतात वेंडेल कॅन्सरने गेला. अंकुर अंत्यविधीला आला, दोन दिवस राहिला आणि परत गेला.

आणि त्या वर्षी गणपतीत त्याचा फोन आला.

"बाबा, नोव्हेंबरमध्ये सीझन ओपन होतो. वेंडेलच्या ब्रदर-इन-लॉने रँचवर ये म्हणून सांगितलंय. मी येतोय." मग थोडं थांबून, "यू वॉन्ट टु कम? माझ्याबरोबर?"

पंचवीस वर्षांच्या मुलाने बापाला कुठेतरी बरोबर ये म्हणण्याची ही पहिली वेळ. श्रीरामरावांनी "बघू, शेड्यूल बघतो" असं म्हणून फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले. टेलिकॉममधली नोकरी दोन हजार दोनच्या ले-ऑफमध्ये गेल्यापासून ते काँट्रॅक्टवर कामं करत होते. शेड्यूल कसलं डोंबलाचं! त्यांनी बूट घेतले, नारिंगी जाकीट घेतलं. वयामुळे शिकारीचा कोर्स त्यांना सक्तीचा नव्हता, तरी केला, आणि शिकवणाऱ्याची दोन वाक्यं दुरुस्त करून आले.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण आनंद झाला की लोक पेढे वाटतात, श्रीरामराव पाना हातात घेतात. त्यांनी कपाटातून रायफल काढली. जुनी, साधी, कुंद्यावर ओरखडे पडलेली. मग ते इंटरनेटवर वाचायला लागले. वाचता वाचता त्यांना एक नवं जग सापडलं. जी काडतुसं कुठलाच कारखाना बनवत नाही, हौशी लोक जी आपल्या डोक्याने घरी बनवतात, त्यांना म्हणे वाइल्डकॅट म्हणतात. त्यातलाच एक प्रकार इम्प्रूव्हड. रायफलच्या नळीच्या मुळाशी काडतूस बसायची पोकळी असते, चेंबर. ते रीमर नावाच्या कोरणीने थोडं कोरून मोठं करायचं. त्यात नेहमीचं काडतूस उडवलं की पुंगळी फुगते आणि नव्या चेंबरचा आकार घेते: अंग सरळ, खांदा टोकदार. पुढच्या वेळी तिच्यात जास्त दारू मावते आणि गोळी जास्त वेगाने जाते.

इम्प्रूव्हड! हा शब्द वाचल्यावर त्यांचं भान सुटलं. ज्याच्यासाठी आपण आयुष्यभर झटलो त्याचा एक अख्खा पंथ इथे आहे, आणि आपल्याला आज कळतंय!

"अहो, त्याला विचारलंत का?" सुनेत्राताईंनी गॅरेजच्या दारातून विचारलं.

"सरप्राइज आहे."

"तुमची सरप्राइजं त्याला चांगली माहितीयत."

"तुला यातलं कळत नाही, सुनेत्रा. सेकंदाला दोनशे फूट वेग वाढतो."

"हरणाला काय फरक पडतो?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

काम मात्र अप्रतिम झालं, हे शत्रूनेही मान्य करावं. टपालाने रीमर भाड्याने मागवला. जुन्या बाजारात घेतलेल्या लेथवर नळी चढवली, मागून किंचित कापली, आणि रीमर हाताने फिरवत, तेल सोडत, दर थोड्या वेळाने बाहेर काढून कीस पुसत ते चेंबर कोरलं. गेज लावलं, केसाचाही फरक नाही. नळीवर जुन्या मापाच्या अक्षरांशेजारी नवं माप ठोकलं, सरळ ओळीत. चुकून कुणी भलतं काडतूस घालू नये म्हणून तसं ठोकायचंच असतं. श्रीरामराव नियमाला पक्के.

नियमाला पक्के म्हणूनच पुढचं घडलं. नव्या चेंबरमध्ये उडवून आकार द्यायला काडतुसं हवी होती. दुकानातून नवी आणता आली असती. पण कपाटात खाकी खोका होता. जुनी, घरी भरलेली काडतुसं, काहींवर पितळ काळवंडलेलं. घरात असताना विकत कशाला आणायचं, हा दामल्यांच्या घराण्याचा बाणा. मात्र दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण उडवायचं नाही, हाही या धंद्यातला पहिला नियम. म्हणून त्यांनी एकेक काडतूस उघडलं. गोळी ओढून काढली, दारू एका वाडग्यात जमा केली. दारूत नायट्रोजन असतो, टाकायचा कशाला? ती त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत मातीवर पसरली. पुंगळ्यांत स्वतः मोजलेली नवी दारू घातली, त्याच जुन्या गोळ्या पुन्हा दाबल्या आणि रेंजवर जाऊन सगळ्या मातीच्या ढिगात उडवल्या. पुंगळ्या नव्या आकाराच्या, चकचकीत बाहेर आल्या. त्या पुन्हा भरून त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत लावल्या. खाकी खोका पुठ्ठ्यांच्या रद्दीत गेला. इतकं सगळं करताना हा खोका कुणी भरला असेल, हे विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. अंकुरनेच भरला असेल, असं त्यांनी धरलं. आणि खरं सांगायचं तर, वेंडेलचा असेल असं वाटलं असतं तरी ते थांबले असते का, याची खात्री देता येत नाही.

अंकुर गुरुवारी संध्याकाळी आला. आईला मिठी मारली, आमटी-भात दोनदा घेतला, आणि जेवताना आपण होऊन सांगायला लागला की रँचवर एक मचाण आहे, त्यावर दोघांना बसता येतं, बोलायचं मात्र नाही. "जस्ट बसायचं, बाबा. सन वर येतो ते बघायचं. हरीण आलं तर आलं." सुनेत्राताई नुसत्या बघत होत्या. घरात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"चल, तुला काही दाखवायचंय," श्रीरामराव म्हणाले. जेवण संपेपर्यंतही त्यांना दम निघाला नाही.

गॅरेजमध्ये त्यांनी रायफल टेबलावर हिरव्या फडक्यावर मांडून ठेवली होती, शेजारी डबी. अंकुर हसत आत आला. त्याने आधी कपाट उघडलं.

"बाबा, माझा बॉक्स कुठाय? ब्राऊन बॉक्स?"

"हा काय." श्रीरामरावांनी डबी पुढे केली.

अंकुरने एक काडतूस उचललं. त्याचा अंगठा पुंगळीच्या खांद्यावरून फिरला आणि तिथेच थांबला. त्याने नळी दिव्याखाली धरली, नवी अक्षरं वाचली.

"व्हॉट डिड यू डू?"

श्रीरामरावांनी सांगितलं. वेग, दाब, खांद्याचा कोन, रेंजवर तीन गोळ्यांनी पडलेलं एकच भोक. तो निशाणाचा कागदही त्यांनी जपून ठेवला होता, तो दाखवला. ते बोलत राहिले, कारण अंकुर गप्प होता आणि गप्प माणसाला अजून पटलेलं नसतं, अशी त्यांची समजूत.

"बॉक्समधले राऊंड्स वेंडेलने भरले होते," अंकुर म्हणाला. "लास्ट नोव्हेंबरला, हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हा. त्याचे हात शेक व्हायचे. एकेका राऊंडला तास लागायचा त्याला. मी मदत करतो म्हटलं तर नाही म्हणाला. म्हणाला, दर सीझनला एक वापर."

"पण पुंगळ्या त्याच आहेत!" श्रीरामराव घाईने म्हणाले. "एकही टाकली नाही. पितळ त्याचंच आहे, अंकुर."

"आणि पावडर?"

श्रीरामरावांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. अंकुर बाहेर गेला, कुंडीपाशी वाकला, मातीवरचे करडे दाणे बोटाने हलवले. मग तो हसला. ते हसणं ऐकून सुनेत्राताई हातातलं भांडं ठेवून आल्या.

"अरे, तू सांगायचंस ना," श्रीरामराव म्हणाले. "मला काय माहीत?"

"तुम्ही विचारायचं होतं, बाबा." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, आरडाओरड्याला श्रीरामरावांकडे उत्तरं होती. "इट वॉज गुड. आधीच गुड होतं."

"शनिवारी किती वाजता निघायचं?"

अंकुरने बोटांची माती झटकली आणि वर झोपायला गेला.

शुक्रवारी तो दिवसभर वेंडेलच्या बायकोकडे होता. शनिवारी पहाटे श्रीरामराव तयार होऊन जिन्याखाली बसले. नवे बूट, नारिंगी जाकीट, थर्मासमध्ये चहा, मांडीवर रायफलची पेटी. काल काही बोलला नाही म्हणजे राग ओसरला, असा त्यांनी हिशेब केला होता. उजाडल्यावर सुनेत्राताई खाली आल्या.

"कुणाची वाट बघताय? तो कधीच गेला."

"रायफलशिवाय?"

"नुसतं बसायला गेलाय म्हणाला. सांगितलं नाही त्याने तुम्हाला, बसायचंच असतं म्हणून?" त्यांनी थर्मास उचलून बाजूला ठेवला. "पोराने एकदा हात पुढे केला होता हो. एकदा. तो हात तसाच धरता नाही आला तुम्हाला?"

श्रीरामराव बराच वेळ तिथेच बसून राहिले. बूट चावत होते. आपण काय घालवलं ते त्यांना त्या सकाळी कळलं, पुरतं कळलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुपारपर्यंत त्यांनी उपाय शोधला होता.

रविवारी अंकुर एअरपोर्टला निघाला तेव्हा ते गाडीच्या खिडकीपाशी गेले. "अंकुर, ऐक. मी नवी नळी ऑर्डर करतो. जुन्याच मापाची. जशी होती तशी करून देतो. म्हणजे, जशी होती त्याहून..."

पुढचा शब्द त्यांनी गिळला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अंकुरने मान हलवली, समजल्यासारखी. "रायफल तुम्हीच ठेवा, बाबा. ती आता तुमचीच आहे." आणि काच वर गेली.

त्यानंतरच्या वर्षी तो नोव्हेंबरमध्ये आला नाही. आईला त्याने ईमेलवर एक फोटो पाठवला. नॉर्थ कॅरोलिनातलं रान, अंकुरच्या हातात दुकानातून घेतलेली साधी रायफल, आणि शेजारी मचाणावर एक पांढऱ्या दाढीचा परका म्हातारा, ऑफिसातल्या मित्राचा बाप. म्हाताऱ्याचा हात अंकुरच्या खांद्यावर होता आणि अंकुर तोंडभर हसत होता. सुनेत्राताईंनी नवऱ्याला हाक मारून बोलावलं.

श्रीरामराव खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले. तो हात त्यांना दिसला, ते हसणं दिसलं. माझा मुलगा किती छान दिसतोय, एवढंच म्हणायचं होतं. सुनेत्राताई त्याचीच वाट बघत होत्या.

"रायफलवरची दुर्बीण जरा पुढे बसवलीय त्याने," श्रीरामराव म्हणाले. "अर्धा इंच मागे हवी होती."

सुनेत्राताईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं आणि स्क्रीन बंद केला. पुढच्या वर्षीही फोटो आले. ते त्यांनी एकटीनेच बघितले.