कठडा सोडून उभा राहिलेला पेनड्राइव्ह

मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. मित्रांनो, माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. तीन महिने माझे जे कौतुक झाले ते फुकटचे होते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही. आणि खरे सांगायचे तर, आले असते तरी मी बोललो असतो की नाही, याची मला आजही शंका आहे.

माझा रंग निळा. टोपण केव्हाच हरवले. पाठीच्या भोकात कातडी पट्ट्याचा तुकडा ओवला आहे आणि शेपटाशी एक बारीक तांबडा दिवा आहे. मी काही लिहू-वाचू लागलो की तो लुकलुकतो. हा दिवा लक्षात ठेवा. सगळे प्रकरण त्याच्यामुळेच उघडकीला आले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात हजारो भावंडांबरोबर झाला. तिथून मी स्टेशनरीच्या दुकानात आलो आणि काचेखाली पडून राहिलो. गिऱ्हाइके मला उलटून पालटून विचारत, ‘किती टिकेल हो हा?’ दुकानदार मान वर न करता म्हणे, ‘जन्मभर.’ त्याने मला एकदाही नीट पाहिले नव्हते. न पाहता दिलेल्या शब्दाची धास्ती मी तेव्हापासून घेतली.

मला विकत घेतले ते कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेने. तिथे प्लॅस्टरची पांढरी धूळ सगळीकडे बसलेली असे. एका भिंतीला भट्टी, दुसऱ्या भिंतीला ड्रिलचे यंत्र, मधोमध ठोकळ्यातून साचा कोरणारे यंत्र आणि त्याच्या शेजारी ते चालवणारा संगणक. खोलीच्या एका बाजूला कमरेइतके उंच दोन समांतर कठडे होते. नवा पाय लावलेले लोक दोन्ही हातांनी ते कठडे धरून पहिली पावले टाकत.

ही कार्यशाळा चालवायची ती आक्का. बारीक अंगाची, करड्या केसांची आणि संशयाची पुतळी. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आक्का पाणीही फुंकून प्यायची. तिचा एक नियम होता. कठडा धरून कोणी कितीही छान चालो, ती त्याला घरी सोडत नसे. “कठडा धरून कोणीही चालेल,” ती म्हणायची. “हात सोडा, मग बघू.”

तिचा धाकटा भाऊ म्हणजे छोटू. चाळिशी उलटली होती, डोक्याचे मैदान झाले होते, तरी आक्कासाठी तो छोटूच. संगणक त्याच्या ताब्यात. त्यात साडेतीनशे माणसांची मापे होती. उरलेला पाय ज्या पोकळ वाटीत बसतो तिला इथे सॉकेट म्हणत. ती एक काडीभर जरी चुकली तरी कातडी सोलून निघते. एकेक माप चार-चार, आठ-आठ वेळा बसवून पाहिल्यावर पक्के होई. म्हणून ती मापे गेली तर पाय मिळालेली माणसेही पुढच्या सॉकेटसाठी पुन्हा पहिल्यापासून माप द्यायला बाकावर बसणार, हे दोघांना माहीत होते.

संशय घेण्यात छोटूही बहिणीचाच भाऊ. फक्त त्याचा संशय संगणकाच्या आतल्या लोकांवर असे. मित्रांनो, संगणक सुरू केला की आत आधी एक कारभारी उठतो आणि मग तो बाकीच्या कामकऱ्यांना एकेक करून उठवतो. आमच्या संगणकात होती त्या लिनक्स नावाच्या प्रणालीत बहुतेक ठिकाणी हा कारभारी फार मोठा असतो. तो उठवतोही, नोंदीही ठेवतो, आणि घरातल्या दहा गोष्टी स्वतःकडे घेतो. छोटूला असा सगळ्यात हात घालणारा माणूस लग्नघरातसुद्धा चालत नसे. त्याने मोठ्याला काढून रनिट नावाचा लहानसा कारभारी ठेवला होता. तो उठवण्यापुरते उठवतो आणि गप्प बसतो.

पुढे संगणकातली म्हातारी हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली. छोटूच्या मनात पाल चुकचुकली. त्याने ठरवले की अख्ख्या संगणकाची एक चालती प्रत करून ठेवायची, म्हणजे नुसती मापे नाहीत, तर कारभारी, कामकरी, कोरणारे यंत्र चालवायची सगळी तयारी, जिच्यावरून थेट संगणक सुरू होईल अशी. अशी प्रत करून देणारी तयार साधने त्याने आणून पाहिली. ती सगळी मोठ्या कारभाऱ्याच्या भरवशावर बनलेली होती. त्याला शोधत बसत आणि तो सापडला नाही की अडून बसत. मग छोटूने ती गुंडाळून ठेवली आणि हाताने प्रत करायला घेतली. दोन दिवस तो एकेक फाइल तपासत होता, मोठ्या कारभाऱ्याचा एखादा माणूस चोरून आत तर राहिला नाही ना म्हणून. मग ते सगळे घर त्याने माझ्यात उतरवले.

माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू. गाणी आणि फोटो वाहणारी माझी भावंडे कुठे आणि अख्खे बिऱ्हाड पोटात घेतलेला मी कुठे.

छोटूने मला संगणकाला लावले आणि कळ दाबली. माझा दिवा लुकलुकला. कारभारी उठला, त्याने कामकऱ्यांना उठवले, पडदा उजळला, मापांची यादी आली. छोटू टाळी वाजवून म्हणाला, “आक्का, बघ. आता सगळं या निळ्यावर चालतंय. म्हातारी आजपासून निवृत्त.”

पण मला कळले होते. कारभाऱ्याला घर दाखवणारा एक वाटाड्या माझ्यातून आधी उठला आणि त्याने खिशातली चिठ्ठी काढली. उठल्यावर कुठल्या घरात शिरायचे ते त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. चिठ्ठीत पत्ता म्हातारीचा होता. मूळ घराबरोबर चिठ्ठीही जशीच्या तशी माझ्यात उतरली होती. तो मुकाट्याने म्हातारीकडे गेला, कारभारी तिच्याच घरात उठला आणि माझा दिवा विझला. मी फक्त दार उघडले होते. काम सगळे ती करत होती, टकटक करत. छोटूने मोठ्या कारभाऱ्यावर घ्यायचा तेवढा संशय घेतला होता, स्वतःवर घ्यायचा मात्र राहून गेला होता.

असे तीन महिने गेले. रोज सकाळी माझा दिवा क्षणभर लुकलुके आणि दिवसभर गप्प. येणाऱ्या-जाणाऱ्याला छोटू मला दाखवी, “या एवढ्याशावर सगळी कार्यशाळा चालते.” मी आयत्या बिळावरचा नागोबा झालो होतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात तसे माझे झाले. कोणी जरा निरखून पाहिले की मला वाटे, याला कळले. भट्टीवरचा कामगार जांभई देत माझ्याकडे पाही, तरी मी त्याच्यावर डूख धरून बसे. म्हातारीचाही मला राग येई. ही मुद्दाम मोठ्याने टकटक करते, मला चिडवायला करते, असे वाटे. बिचारी मरत होती, हे मला सुचलेच नाही.

खरेच निरखून पाहणारी एकच होती. आक्का एका दुपारी माप साठवत होती, तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

“छोटू, आत्ता मी माप साठवलं ना? मग याचा दिवा का नाही लागला?”

“अगं, ते आधी मेमरीत जातं. मग सवडीनं उतरतं.”

“आणि म्हातारी का टकटकते? ती निवृत्त आहे ना?”

“वीज मिळते म्हणून फिरते गं. निवृत्त माणसं नुसती फेऱ्या मारत नाहीत का?” छोटू हसला.

आक्का हसली नाही. “कुठेतरी पाणी मुरतंय,” एवढेच म्हणाली आणि कामाला लागली. मित्रांनो, त्या दिवशी मला तिची भीती वाटली आणि तिच्याशिवाय आपल्याला कोणी सोडवणार नाही, असेही वाटले.

त्याच तीन महिन्यांत टपालवाली ताई येऊ लागली होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. उरलेला पाय असा वेडावाकडा की कुठलेच सॉकेट बसेना. अकरा वेळा तिने ते लावले, अकरा वेळा कातडी लाल झाली. अकराव्यानंतर आक्काने स्वतः बोटांनी चाचपून माप थोडे थोडे बदलले आणि म्हणाली, “हे बसेल.” ते बारावे माप साठवले गेले. कुठे साठवले गेले ते तुम्हाला आता माहीत आहे.

शनिवारी सकाळी ताई आपला पाय करून घ्यायला येऊन बसली. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचे होते. उशीर झाला तर तिच्या जागी दुसरा माणूस ठेवायची बोलणी टपाल कचेरीत सुरू झाली होती. छोटू उत्साहात होता. नवी डिस्क आली होती. त्याने संगणक बंद केला, म्हातारीला बाहेर काढले आणि ड्रिलच्या यंत्राखाली शिकंज्यात आवळले. माणसांची मापे असलेली डिस्क भंगारात टाकायच्या आधी तिला आरपार भोक पाडायचे, अशी तिथली रीत होती. टोचा खाली येऊ लागला. मला ओरडायचे होते. माझ्याजवळ फक्त एक दिवा, आणि संगणक बंद, म्हणून तोही विझलेला.

“थांब,” आक्का म्हणाली. “आधी संगणक सुरू करून दाखव.”

“आक्का, तीन महिने याच्यावरच चालतोय.”

“तीन महिने ही आत होती.”

छोटूच्या कपाळाला आठ्या पडल्या. “तुझा माझ्यावर विश्वासच नाही का गं?”

“तुझ्यावर आहे. याच्यावर नाही.” तिने माझ्याकडे बोट दाखवले. “हा कठडा धरून चालत असला तर? हात सोडायला लाव त्याला.”

छोटूने ड्रिल बंद केले आणि जरा आदळतच कळ दाबली. माझा दिवा लुकलुकला. वाटाड्याने चिठ्ठी काढली, म्हातारीचे घर शोधले, पुन्हा शोधले. घर नव्हते. पडदा काळा झाला आणि त्यावर एक ओळ राहिली, की अमुक नावाची डिस्क सापडत नाही. माझ्या भ्रमाचा भोपळा चारचौघांत फुटला.

छोटूने ती ओळ दोनदा वाचली. त्याचे कान लाल झाले. “आक्का,” तो हळू आवाजात म्हणाला, “पत्ता तसाच राहिला. हिचाच पत्ता राहिला.”

ताई बाकावरून म्हणाली, “माझ्या वाटेवर असं रोज होतं. लोक घर बदलतात, पत्ता बदलत नाहीत. पत्रं जुन्या घरी जात राहतात.” मग तिच्या काहीतरी लक्षात आले. “म्हणजे माझं माप कुठे आहे?”

छोटूने आपल्या लॅपटॉपवर माझ्यातली चिठ्ठी दुरुस्त केली, आत आणखी एका ठिकाणी तोच जुना पत्ता होता तोही बदलला, आणि पुन्हा कळ दाबली. या वेळी कारभारी माझ्याच घरात उठला. रनिटने सगळ्यांना जागे केले, कोरणारे यंत्र गुरगुरले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर उभा होतो. पण मापांची यादी तीन महिन्यांपूर्वी संपत होती. तिच्यात ताई नव्हतीच.

आक्का स्वतः ड्रिलपाशी गेली. तिने शिकंजा सैल केला आणि म्हातारीला दोन्ही हातांत धरून आणले. म्हातारीच्या झाकणावर टोच्याचा ठिपका उमटला होता. तिला पुन्हा संगणकात बसवले. आता मी मालक आणि ती पाहुणी. एकेक माप ती मला देऊ लागली. माझा दिवा सारखा लुकलुकत होता आणि तिघेही त्याच्याकडे पाहत बसले होते. ताईच्या मापाशी म्हातारी अडली. टक, टक, टक. छोटूने डोळे मिटून घेतले. मीही मागत राहिलो. आजी, एवढे द्या, मी म्हणत होतो, मी खोटेपणाने मिरवलो, पण एवढे द्या. आठव्या टकटकीला तिने ते दिले.

पुढची तीन मापे ती देऊ शकली नाही. ती गेली ती गेलीच. त्या तिघांच्या घरी छोटू स्वतः प्लॅस्टर घेऊन गेला आणि चूक आपली आहे असे सांगून पुन्हा मापे घेऊन आला. त्यातल्या एका आजोबांनी त्याला दारातच अर्धा तास सुनावले. त्याने ऐकून घेतले.

ताईचा पाय त्याच दिवशी संध्याकाळी तयार झाला. ती कठड्यांच्या मधून चालली. आक्काने मानेनेच खुणावले आणि ताईने दोन्ही हात वर केले. चार पावले, मग आठ. सोमवारी ती कामावर गेली. आता कार्यशाळेचे टपाल तीच आणते.

म्हातारीला भोक पाडले ते आठवड्याने, नव्या डिस्कवर दुसरी प्रत होऊन तीही एकटी उभी राहिल्यावर. तिचे आभार कोणी मानले नाहीत. मी मानले, पण उशिरा.

मित्रांनो, आता माझा दिवा मंदावला आहे. कामाला नवी डिस्क आहे, मी फक्त अडीअडचणीचा. पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आक्का डिस्क बाहेर काढून बाजूला ठेवते आणि मला एकट्याला सुरू करते. पडदा उजळेपर्यंत तिच्या कपाळावरची आठी जात नाही. माझे कौतुक करणारे पुष्कळ झाले, पण मला जपले ते या संशयाने. तुम्हीही ज्याच्या भरवशावर निर्धास्त बसला आहात, त्याला अधूनमधून कठडा सोडायला लावा. त्याला राग येईल म्हणून घाबरू नका. मी तर महिनाभर त्या शनिवारची वाट पाहतो.