पलीकडच्या माळ्यावरून

आखातातल्या बरक्याच्या मासळीबाजारामागे हुसैनमियाँचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि दयानंद तिथला कारागीर. माणूस कुडाळकडचा, हाताला गुण असलेला, पण स्वतःवर जरा जास्तच खूश. ‘माझ्या हाताखालून गेलेली वस्तू बोललीच पाहिजे,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

एका सकाळी त्याच्याकडे कुसुमावती आली. ती श्रीलंकेची, सिंहली. बारा वर्षं इथल्या एका शिंप्याकडे अबाया, म्हणजे बायकांचे काळे झगे, शिवते. तिने पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवाले तिच्या गावी आले होते. हत्ती-डुकरांपासून भात राखताना शेतातल्या उंच माळ्यावर बसून म्हणतात ती गाणी त्यांनी तिच्या आईकडून गाऊन घेतली होती. कार्यक्रम लागला तेव्हा शेजाऱ्याने तो टेप केला. पुढे वाहिनीकडची प्रत पुसली गेली. शेताला विजेचं कुंपण आलं, माळे मोडले आणि गाणीही विसरली गेली. आता तीच वाहिनी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करायला निघाली, तर उरली होती ही एकच कॅसेट.

“टेपला बुरशी लागलीय, अक्का,” दयानंद म्हणाला. “एक बार चलेगा. दूसरी बार का भरोसा नहीं.”

“एक बार बस, दयाभाई.”

त्याने अडगळीतला व्हीसीआर काढला, फीत हलक्या हाताने पुसली आणि गाणं कॉम्प्युटरवर उतरवलं. मग त्याचे हात शिवशिवले. गावी असताना तो लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा, आणि त्या धंद्याचा नियम एकच: पडदा गप्प राहिला की पाहुणे जेवायला उठतात. इथे तर प्रत्येक कडव्यानंतर आठ-दहा सेकंद नुसती खरखर. दयानंदने त्या सगळ्या जागा कापल्या, आवाज घासून लख्ख केला आणि त्याच फाइलवर सेव्ह करून टाकला.

दुसऱ्या दिवशी कुसुमावती ऐकायला बसली. आईचा आवाज लागताच तिचं तोंड उजळलं. दुसऱ्या कडव्याला मात्र ती गोंधळली.

“मेरा बापू किधर गया?”

“गाण्यात बापू कुठेय, अक्का?”

“उधर, दूर, दूसरे माळे पे. अम्मा गाती, फिर चुप. फिर बापू उधर से हू करता. मतलब, मैं जाग रहा हूँ, डरो मत. वो हू नहीं आया तो अम्मा आगे गाती ही नहीं थी.”

दयानंदने घाईने फाइल चाळली; कापलेल्या जागा कुठेच उरल्या नव्हत्या. ज्याने लहानपणी बापासोबत माळ्यावर बसून डुकरं हाकलली, शेजारच्या माळ्यावरच्या काकांना हाळी घातली, त्यानेच एका बाईचा बाप खरखर समजून पुसून टाकला होता! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“माझी चूक झाली, अक्का,” तो म्हणाला. “फिरसे चलाना पडेगा. टूट भी सकता है.”

तिने कॅसेट उचलून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, “चलाओ. बापू के बिना नहीं भेजना.”

त्याने व्हीसीआरचं झाकण काढलं आणि फिरत्या चकतीवर बोट टेकवून ताण सांभाळत बसला. चित्र मध्येच जाई, आवाज टिकून होता. पाचव्या कडव्यानंतरचा हुंकार आला, आणि फीत तुटली. शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच; घासलेल्या फाइलमध्ये ते होतं, पण बापूच्या हूशिवाय कुसुमावतीला ते पाठवायचं नव्हतं. या वेळी त्याने एक सेकंदही कापला नाही.

दोन महिन्यांनी, शुक्रवारी दुपारी, दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर वाहिनीचा तो कार्यक्रम लागला; कुसुमावती पुढच्या खुर्चीत बसली होती. आई गायली आणि थांबली. पडदा गप्प.

“बंद पडला काय रे, दया?” हुसैनमियाँनी रिमोट उचलला.

“थांबा, मियाँ. येतोय तो.”

आणि लांबून आला. “हूऽऽ.” कुसुमावतीने पदर तोंडावर धरला.

पाच कडवी झाली. शेवटचा हुंकार विरला, पडद्यावर नावं सरकू लागली. तेव्हा कुसुमावती खुर्चीतच, आईच्याच चालीत, राहिलेलं कडवं म्हणू लागली. आवाज कापरा होता, पण शब्द सगळे होते. म्हणून झालं आणि ती थांबली. ती अजून टीव्हीकडेच बघत होती, तिथून आता काही येणार नव्हतं तरी.

कामाच्या टेबलामागून दयानंदने, शेजारच्या माळ्यावरच्या काकांना घालायचा तशी, हाळी दिली, “हूऽऽ.”